बारदान, वाख आणि बाजाराचा न्याय

२०१७ च्या उन्हाळ्यात मराठवाडा-विदर्भातील तूर खरेदी केंद्रांसमोर शेतकऱ्यांच्या गाड्या दिवसेंदिवस रांगेत उभ्या होत्या. पीक उदंड आले होते. क्विंटलला ५,०५० रुपयांचा हमीभाव कागदावर होता, बाजारातला भाव मात्र त्याच्या पुष्कळ खाली घसरला होता. त्यामुळे सरकारी काटा हाच काय तो आधार होता. आणि तो काटाच ठिकठिकाणी थांबला. कारणे अनेक सांगण्यात आली. त्यांतील एक पुन्हा पुन्हा ऐकू येत होते : बारदान नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनच्या खरेदीत हेच कारण पुन्हा पुढे आले. धान्य आहे, काटा आहे, हमीभाव आहे. पण धान्य भरायला गोणपाटाचे पोते नाही, म्हणून शेतकऱ्याने घरी परत जावे किंवा व्यापाऱ्याच्या दारात उभे राहावे, अशी ही व्यवस्था.

अशा प्रत्येक प्रसंगी एक सल्ला तत्परतेने दिला जातो. ज्यूटचा नाद सोडा, प्लास्टिकची पोती घ्या; ती स्वस्त आहेत, हलकी आहेत आणि हवी तितकी मिळतात. या सल्ल्यामागे एक संपूर्ण अर्थशास्त्र उभे आहे. झाडापासून निघणाऱ्या तंतूंचा काळ संपला, बाजाराने कृत्रिम तंतूची निवड केली, आणि त्या निवडीविरुद्ध कायद्याचा टेकू देणे म्हणजे ग्राहकाच्या खिशाला चाट लावून एक मरणोन्मुख धंदा जगवणे होय, असे ते अर्थशास्त्र सांगते. ते आता इतके रुळले आहे की समाजवादी म्हणवणारेही त्याच्यापुढे मान तुकवतात. म्हणून ते मुळापासून तपासणे अवश्य आहे.

पहिली गोष्ट अशी की, या तंतूंच्या इतिहासात निखळ बाजार असा कधी नव्हताच. ज्यूटचा जागतिक व्यापार फोफावला तो युद्धाच्या जोरावर. १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धामुळे रशियाकडून येणारा जवसाचा व हेम्पचा तंतू अडला आणि स्कॉटलंडमधील डंडी शहराच्या गिरण्या बंगालच्या ज्यूटकडे अधिक जोराने वळल्या. १८५५ मध्ये हुगळीकाठी रिश्रा येथे हिंदुस्थानातील पहिली ज्यूट गिरणी निघाली. पहिल्या महायुद्धात खंदकांवर रचलेल्या वाळूच्या पोत्यांनी कलकत्त्याच्या गिरणीमालकांना अलोट नफा मिळवून दिला. १९४७ च्या फाळणीने ज्यूट पिकवणारी बहुतेक उत्तम जमीन पूर्व बंगालात गेली आणि गिरण्या पश्चिम बंगालात राहिल्या. १९४९ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने आपल्या रुपयाचे केले नाही, आणि कच्च्या ज्यूटचा व्यापार ठप्प झाला. तेव्हा दिल्लीच्या सरकारने भारतातील शेतकऱ्याला ज्यूट लावण्याची हाक दिली. ज्या जमिनीत भात पिकला असता तिथे ज्यूट उभा राहिला. गिरण्यांची निकड होती तेव्हा ते राष्ट्रकार्य होते. पुढे तेलापासून बनणारी पोती आली, तेव्हा त्याच शेतकऱ्याला मागणी-पुरवठ्याचे नियम शिकवले जाऊ लागले!

कृत्रिम तंतूंच्या आक्रमणाला उत्तर म्हणून शासनाने काही पावले उचलली, हे मान्य केले पाहिजे. १९७१ मध्ये भारतीय ज्यूट निगम स्थापन झाला. १९८० मध्ये सहा आजारी गिरण्या एका सरकारी महामंडळाखाली आणण्यात आल्या. १९८७ मध्ये मालाच्या आवेष्टनात ज्यूटचा वापर सक्तीचा करणारा कायदा झाला. सिमेंट कंपन्यांनी त्याला आव्हान दिले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. न्यायालयात हरलेली बाजू मात्र मंत्रालयाच्या दालनात जिंकली. सिमेंट सुटले, खत सुटले, साखरेचे बंधन उतरत गेले. २०२३-२४ च्या ज्यूट वर्षासाठी केंद्राने जी मर्यादा ठरवली तीत अन्नधान्यासाठी १०० टक्के आणि साखरेसाठी अवघे २० टक्के ज्यूट सक्तीचे होते. केंद्र सरकारच्याच निवेदनांनुसार या पिकावर सुमारे ४० लाख शेतकरी कुटुंबे आणि या उद्योगात जवळपास चार लाख कामगार अवलंबून आहेत. धान्यासाठी सरकार दरवर्षी सुमारे १२,००० कोटी रुपयांची पोती विकत घेते. म्हणजे एक कायदा रद्द झाला की पूर्व भारतातील लक्षावधी चुली विझतील. त्या कायद्याला टेकू म्हणणारे अर्थतज्ज्ञ या चुली कोणत्या रकान्यात मांडतात?

परंतु या कायद्याचे गुणगान करतानाही डोळे उघडे ठेवले पाहिजेत. कायद्याने पोत्याला मागणी मिळवून दिली. पोत्यामागच्या माणसाला काय मिळाले? नदिया-मुर्शिदाबादचा शेतकरी सुमारे चार महिन्यांचे उभे पीक कापतो, त्याच्या पेंढ्या पंधरा-वीस दिवस साचलेल्या पाण्यात कुजवतो आणि कमरेइतक्या पाण्यात उभा राहून हाताने काडीपासून तंतू सोडवतो. या मालाला २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला ५,६५० रुपये हमीभाव जाहीर झाला. पण ज्यूट निगम एकूण पिकाचा लहानसाच हिस्सा विकत घेतो. उरलेले पीक गावोगाव फिरणारे बेपारी आपल्या भावाने उचलतात. २०२१ मध्ये टंचाईमुळे कच्च्या ज्यूटचे भाव चढले, तेव्हा ज्यूट आयुक्तांनी त्यावर क्विंटलला ६,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. २०२२ च्या मे महिन्यात ती उठवली गेली. मधल्या काळात मर्यादेच्या भावात माल मिळत नाही म्हणून कित्येक गिरण्यांची दारे बंद झाली आणि कामगार रस्त्यावर आले. भाव कोसळला की बाजाराचा न्याय, भाव चढला की शासनाचा अंकुश! शेतकऱ्याच्या नशिबी दोन्हींतले वाईट तेवढे. गिरणी कामगाराची कथा निराळी नाही. थकलेली ग्रॅच्युइटी, न भरलेला भविष्यनिर्वाह निधी आणि कंत्राटी भरती या तिथल्या जुन्या तक्रारी आहेत. हमखास सरकारी ऑर्डरच्या आश्रयाने मालकांनी यंत्रे बदलली नाहीत, नफा दुसरीकडे वळवला, आणि वेळ आली की कामगारालाच पुढे करून सवलती मागितल्या. कायद्याचा हा दुरुपयोग कायदा मोडीत काढण्याचे कारण होऊ शकत नाही. कायद्याच्या लाभाचा वाटा खालपर्यंत पोचवण्याचे मात्र ते सबळ कारण आहे.

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी संबंध केवळ तुरीच्या पोत्यापुरता नाही. देशातील साखरेचा मोठा हिस्सा या राज्यात तयार होतो, आणि साखर उद्योगाच्या संघटनांना ते २० टक्क्यांचे बंधनही जाचक वाटते. पोत्याचे धागे साखरेत मिसळतात, ओल धरते, खर्च वाढतो, अशी त्यांची गाऱ्हाणी आहेत. धाग्यांची व ओलीची तक्रार खरी असेल तेथे आतून अस्तर लावण्याचा मार्ग उपलब्ध आहे. उरतो खर्चाचा मुद्दा. हा मुद्दा कोण मांडतो आहे? ज्यांच्या साखरेला २०१८ मध्ये कायद्याने किलोला २९ रुपयांचा किमान विक्रीभाव मिळाला आणि २०१९ मध्ये तो ३१ रुपये झाला. ज्यांच्या इथेनॉलला सरकारी तेल कंपन्या ठरलेल्या दराने गिऱ्हाईक म्हणून लाभल्या. ज्यांच्या कर्जांना राज्य शासनाने वेळोवेळी हमी दिली. उसाच्या शेतकऱ्यालाही कायद्याने ठरलेला दर आहे, आणि तो असलाच पाहिजे. स्वतःच्या मालाला शासनाचे छत्र हवे, दुसऱ्याच्या मालाला मात्र बाजाराचे ऊन लागू द्यावे, हा कोणता सहकार? ज्या चळवळीने शेतकऱ्याच्या संघटित शक्तीचा मंत्र सांगितला, तिने बंगालच्या शेतकऱ्याकडे केवळ खर्चाची बाब म्हणून पाहावे, याहून मोठा अधःपात नाही.

आता मूळ दाव्याकडे, प्लास्टिक स्वस्त आहे या विधानाकडे वळू. स्वस्त म्हणजे कोणाला स्वस्त? खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील फरक हा काही समाजवाद्यांनी काढलेला नवा सिद्धांत नव्हे. केंब्रिजच्या पिगूने १९२० मध्ये तो मांडला आणि अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो शिकवला जातो. कारखान्याच्या धुराची किंमत कारखानदार भरत नसेल तर त्याच्या मालाचा भाव खोटा असतो, एवढाच त्याचा अर्थ. प्लास्टिकच्या पोत्याचा भाव हा असा खोटा भाव आहे. उन्हाने त्याच्या चिंध्या होतात, त्या शेतात, नाल्यात, जनावराच्या पोटात जातात. त्यांचे तुकडे होतात पण माती होत नाही. नाले उपसण्याचा खर्च नगरपालिकेचा, मेलेल्या गाईचा खर्च शेतकऱ्याचा, कचऱ्याच्या ढिगात हात घालणाऱ्या बाईच्या आजाराचा खर्च तिचा स्वतःचा. पोते बनवणाऱ्याच्या हिशेबात यांतील एक पैही नाही. गोणपाट फाटले की त्याचे पायपुसणे होते, पावसात जनावरावर टाकण्याची झूल होते, शेवटी उकिरड्यात त्याचे खत होते. या दोन वस्तूंची किंमत दुकानाच्या पावतीवरून ठरवणे हा हिशेब नव्हे, हिशेबाची चोरी आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये मोठा गाजावाजा करून प्लास्टिकबंदी आणली, तीतही कारखान्यात मालाला चढणारे वेष्टन वगळले होते. भाजीवालीच्या पिशवीला दंड आणि कारखान्याच्या वेष्टनाला सूट, असे त्या बंदीचे वर्गीय स्वरूप होते.

तथापि ज्यूटला निदान एक कायदा आहे, एक निगम आहे, संसदेत त्याच्यासाठी बोलणारे खासदार आहेत. काथ्याला १९५३ च्या कायद्याने मंडळ मिळाले. कापसाला १९७० पासून महामंडळ आहे. महाराष्ट्राच्या माळरानावर उगवणाऱ्या घायपाताच्या वाखाला काय आहे? वाखाला हमीभाव नाही, सक्तीची खरेदी नाही, मंडळ नाही. खादी-ग्रामोद्योगाच्या यादीत तंतू-उद्योगाचा एक रकाना आहे, इतकेच. हा योगायोग नव्हे. ज्यूटमागे संघटित भांडवल होते आणि संघटित कामगारही होता. वाखामागे गावकुसाबाहेर राहणारा मातंग होता.

गावगाड्यात दोर वळणे हे मातंगाचे काम. शेतकऱ्याचा कासरा, बैलाचे दावे आणि वेसण, मोटेचा नाडा-सोंदूर, चऱ्हाट, शिंके. शेतीचे एकही काम त्याच्या दोरावाचून चालत नव्हते. घायपाताची पाने कापायची, ती डबक्यात कुजत घालायची, कुजली की बडवून त्यांतला गर काढायचा, वाख धुऊन वाळवायचा आणि मग पीळ भरायचा. पानाचा रस अंगाला लागला की खाज सुटते, कुजलेल्या पाण्याची दुर्गंधी हाताला चिकटून राहते. बांधावरच्या अंबाडीचा आणि तागाचाही दोर होत असे. आज अंबाडी भाजीपुरती आणि ताग हिरवळीच्या खतापुरता उरला आहे. या श्रमाचा मोबदला रोख मजुरी नव्हती. सुगीला खळ्यावर पदरात पडेल ते बलुते, आणि तेही मालकाच्या मर्जीने. १९५८ च्या कनिष्ठ वतने नष्ट करणाऱ्या कायद्याने ही वेठ कायद्यापुरती संपवली, हे योग्यच झाले. पण वतन गेले तेव्हा त्याच्या जागी भांडवल आले नाही, यंत्र आले नाही, बाजारपेठ आली नाही. मोटेच्या जागी इंजिन व विजेचा पंप आला आणि नाड्याची मागणी संपली. बैलाची पाठ मोकळी झाली, त्याबद्दल कोणी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु दावे, कासरा, वेसण यांची गरज राहिली होती. ती नायलॉनच्या दोरीने गिळली. ती दोरी शहरातल्या कारखान्यातून येते, आठवड्याच्या बाजारात वजनावर मिळते, आणि तिच्या प्रत्येक हातामागे गावातली थोडी मजुरी गावाबाहेर जाते.

येथे दुसऱ्या टोकाच्या विचाराचाही समाचार घेतला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांनी २००९ हे वर्ष नैसर्गिक तंतूंचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले. तेव्हापासून शहरी प्रदर्शनांत वाखाच्या पिशव्यांचे कौतुक होत आले आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची कला मातंग बांधवांनी जपावी असा उपदेशही ऐकू येतो. हा उपदेश करणाऱ्यांपैकी कोणी आपल्या मुलाला डबक्यात उतरवणार नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच जातिव्यवस्थेच्या आर्थिक समर्थनाच्या चिंधड्या उडवल्या होत्या. माणसाचा कल आणि कुवत न पाहता जन्मावरून ज्याच्या गळ्यात धंदा बांधला जातो, तो धंदा कितीही उपयुक्त असला तरी ती गुलामगिरीच असते, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. मातंगाच्या मुलाने डॉक्टर व्हावे, इंजिनिअर व्हावे आणि दोराकडे ढुंकूनही पाहू नये, हा त्याचा हक्क निर्विवाद आहे. वाखाचा उद्योग जगवायचा तो एका जातीला तिच्या जागी डांबण्यासाठी नव्हे. तो जगवायचा असेल तर त्याला जातीपासून, डबक्यापासून आणि बलुत्याच्या मनोवृत्तीपासून मुक्त करूनच जगवावा लागेल. जो धंदा कोणत्याही जातीचा माणूस किमान वेतनावर, यंत्राच्या मदतीने आणि मान ताठ ठेवून करू शकत नाही, तो वाचवण्यालायक नाही.

हे शक्य आहे काय? घायपाताच्या तंतूचे तंत्र स्वतःच याचे उत्तर देते. पानाच्या वजनात तंतू सरासरी तीन-चार टक्केच असतो. उरलेले पाणी आणि चोथा. शंभर किलो पाने दूरच्या कारखान्यात वाहून न्यावीत आणि तीन-चार किलो तंतू काढावा, हा व्यवहार तोट्याचाच ठरणार. म्हणून यंत्राने पानापाशी आले पाहिजे. पान खरवडून तंतू वेगळा करणारी लहान यंत्रे उपलब्ध आहेत. त्यांना महिनाभर कुजवणे लागत नाही. डॉ. लोहिया ज्या छोट्या यंत्राचा आग्रह धरत होते त्याला याहून चपखल क्षेत्र सापडणे कठीण. या वनस्पतीवरचे संशोधन केंद्र ओडिशातील बामरा येथे आहे. लागवडीनंतर साधारण तिसऱ्या वर्षापासून पुढे कित्येक वर्षे पाने मिळतात, आणि पाऊस हुलकावणी देणाऱ्या मुरमाड जमिनीतही ती तग धरते. दुष्काळी तालुक्यांना ऊस शिकवणाऱ्या शासनाने हे पीक कधी गांभीर्याने पाहिले आहे काय?

मात्र केवळ सरकारी मालकी हा यावरचा तोडगा नव्हे, हे समाजवाद्यांनी तांझानियाकडून शिकले पाहिजे. १८९३ मध्ये जर्मन मळेवाल्यांनी तेथे सिसल म्हणजे घायपाताचीच एक जात नेली. १९६० च्या दशकात तो देश सिसलच्या उत्पादनात जगात अग्रस्थानी होता. १९६४ च्या सुमारास तेथे वर्षाला दोन लाख टनांहून अधिक तंतू निघत होता. त्याच दशकात पॉलिप्रॉपिलिनच्या दोरीने जागतिक भाव पाडले. न्येरेरे यांच्या सरकारने १९६७ च्या आरुशा घोषणेनंतर बहुतांश मळे राष्ट्रीयीकृत केले. हेतू उदात्त होता. परंतु जुने मोठे मळे, तीच निर्यातीची एकमेव वाट आणि वर नोकरशाही, अशी रचना राहिली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस उत्पादन दहाव्या हिश्श्यापर्यंत घसरले. मालकाची पाटी बदलली, पण उत्पादनाची रचना आणि बाजारपेठ बदलली नाही, तर राष्ट्रीयीकरणही पोकळ ठरते. पुढे तेथेच लहान शेतकऱ्यांना जमिनीचे तुकडे देऊन त्यांच्याकडून तंतू घेण्याचा, आणि हाले येथे सिसलच्या चोथ्यापासून बायोगॅस काढण्याचा प्रयोग झाला. ही दिशा अभ्यासण्यासारखी आहे.

या साऱ्यातून ज्या मागण्या निघतात त्या क्रांतिकारक नाहीत. शासनाच्या आजच्या अधिकारकक्षेतील आहेत. धान्यखरेदीचा हंगाम सुरू होण्याआधी तालुकावार बारदानाचा साठा जाहीर करण्याचे बंधन खरेदी यंत्रणेवर हवे, आणि बारदान नाही म्हणून खरेदी थांबल्यास शेतकऱ्याला भरपाई हवी. साखरेवरील ज्यूटचे बंधन टप्प्याटप्प्याने वाढवले पाहिजे, आणि पोत्याचा सरकारी दर ठरवताना गिरणीने कच्च्या ज्यूटला प्रत्यक्ष हमीभाव दिल्याचा व कामगारांची देणी चुकती केल्याचा पुरावा मागितला पाहिजे. प्लास्टिकच्या पोत्यावर त्याचा सामाजिक खर्च भरून काढणारा अधिभार बसवून ती रक्कम नैसर्गिक तंतूंच्या उद्योगाकडे वळवली पाहिजे. महाराष्ट्र शासनाने वाखाला किमान दर ठरवून द्यावा. रस्ते, कालवे व वनखात्याच्या कडेच्या घायपातावर श्रमिकांच्या सहकारी संस्थांचा हक्क मान्य करावा. गायरान कसणाऱ्या भूमिहीनांना हुसकावून मात्र ही लागवड होता कामा नये. १९८५ मध्ये अण्णा भाऊ साठे यांच्या नावाने स्थापन झालेल्या विकास महामंडळाचा पैसा कर्जाच्या फायलीत फिरत न राहता या यंत्रांवर लागला पाहिजे. आणि ज्या शासनाला दोर, चटया, पायपुसणी, बांधबंदिस्तीच्या जाळ्या लागतात, त्याने पहिले गिऱ्हाईक स्वतः व्हावे.

यावर पैसा कोठून आणायचा, असा प्रश्न विचारला जाईल. साखरेच्या कर्जहमीच्या वेळी तो विचारला गेला नव्हता. कोणत्या धंद्यासाठी तिजोरी उघडायची आणि कोणाला बाजाराच्या स्वाधीन करायचे, हा निर्णय अर्थशास्त्राचा म्हणून सांगितला जातो. तो सत्तेचा असतो. तुरीच्या रांगेतला शेतकरी, मुर्शिदाबादच्या पाण्यात उभा असलेला शेतकरी, गिरणीच्या बंद दारासमोरचा कामगार आणि ज्याच्या हातचा दोर काढून घेतला गेला तो कारागीर यांना ही सत्ता आजवर स्वतंत्रपणे भेटत आली आहे, आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे हरवत आली आहे. वाखाची एक शीर कोणीही तोडू शकतो. पीळ भरलेला दोर तोडायला कुऱ्हाड लागते. तो पीळ भरण्याचे काम समाजवादी पक्षाचे आहे, आणि ते पुढच्या खरेदी हंगामाच्या आधी सुरू झाले पाहिजे.